ग. भा. नावाचा कारागीर

समोरच्याच्या पेल्यातलं पाणी कधी संपतंय याची वाट पाहत बसणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती निघाली माझी घरमालकीण. पेला चांदीचा असला पाहिजे, एवढीच अट. पाणी संपलं की बाई हात पुढे करायच्या, पेला पालथा करायच्या, कमरेच्या रुमालातून भिंग काढायच्या आणि बुडाला डोळा लावायच्या. समोरचा माणूस ओशाळून जायचा. त्याला वाटायचं, पेला चोरीचा निघाला की काय. एखादा घोट घोट पीत बसला तर बाईंना दम निघत नसे. "प्या न लवकर," म्हणत, "फुकून फुकून काहून पिऊन राहिले? दूध थोडीच हाये ते?"

मी तोंडाळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. अकोल्याची आहे, आमच्याकडे ऊन आणि तोंड दोन्ही कडक. अमरावतीला नोकरी लागली तेव्हा या बाईंकडे खोली पाहायला गेले. त्यांनी माझा पगार विचारला नाही, आणि आमच्याकडे फिरवून फिरवून विचारतातच ती जातही विचारली नाही. विचारलं काय, तर घरी चांदीचं काही आहे का. मी मनात म्हटलं, बापा, ही मालकीण आहे की दरोडेखोर? असेल आईजवळ काहीतरी, म्हटलं. तर पुढचा प्रश्न, त्याच्या बुडाला काय आहे? आता आपल्या घरच्या भांड्याच्या बुडाला काय आहे, हे कोणत्या शहाण्या माणसाला माहीत असतं? खोली मिळाली, पण त्या परीक्षेत मी नापास झाले ते झालेच. पुढची कितीतरी वर्षं अकोल्याला जाऊन आले की बाई दारातच अडवायच्या. पाहिलं का? नाही पाहिलं. मग गेली कशाला होतीस?

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लग्नानंतर लवकरच गेला होता, मूलबाळ नव्हतं. त्या विषयावर त्या बोलत नसत आणि दुसऱ्यालाही बोलू देत नसत. लग्नाची पत्रिका आली आणि पाकिटावर त्यांच्या नावामागे विधवेला लावतात ती पदवी दिसली, की पाकीट न फोडता परत जायचं. "या नावाची बाई येथी राहत नाई," एवढं दारातूनच सांगायच्या. पत्रिका घेऊन आलेला माणूस गोंधळायचा, कारण आडनाव बरोबर असे, घर बरोबर असे आणि बाईही समोर उभ्या असत. शहाणे लोक दुसरं पाकीट घेऊन येत आणि नुसतं नाव लिहीत. मग बाई लग्नाला जात, आहेर देत आणि पंगतीत पेले पालथे करत.

हळदीकुंकवाला मात्र त्यांना कोण बोलावणार? त्यांनी त्यावर आपला तोडगा काढलेला होता. ज्या घरी हळदीकुंकू असेल तिथे त्या दुसऱ्या दिवशी सकाळी जायच्या. अत्तरदाणी, गुलाबदाणी, तबक, करंडा, सगळं घासून पुसून सतरंजीवर मांडलेलं असे, कपाटात जायचं असे. बाई ऐटीत मधोमध बसायच्या आणि एकेक उलटून पाहायच्या. पुढे पुढे तर घरच्या बायाच म्हणू लागल्या, थांबा, चांदी आवरू नका, बाई यायच्या आहेत. मला त्याचा राग यायचा. काल बोलावलं असतं तर तुमचं काय जात होतं, असं मी एकीला तोंडावर म्हटलंही. बाईंनी मलाच दटावलं. म्हणाल्या, काल भांडी भरलेली होती, भरल्या भांड्याचं बूड दिसत नाही.

त्यांच्यामुळे मला कळलं की जुन्या चांदीला बोलता येतं. आमच्या भागात जुने सोनार भांडं पुरं झालं की बुडाशी आपला बारीक ठसा मारत. कुणाचं एखादं अक्षर, कुणाचं पान, कुणाची मासोळी. ठसा लोखंडाचा, सोनारानेच कानशीने घासून केलेला. तो कधीतरी हातातून पडतो, त्याचा कोपरा उडतो, आणि मग त्यानंतरच्या प्रत्येक भांड्यावर तो उडालेला कोपरा उमटत राहतो. घराण्याचं नाव भांड्याच्या काठावर टिंबाटिंबांनी घातलेलं असतं, ते घेणाऱ्याचं. बुडाशी असतो तो करणाऱ्याचा. लोक काठ वाचतात आणि भांडं आपलं समजतात, असं बाई म्हणत. सराफ्यातल्या एका शेठजींनी एकदा पेशव्यांच्या वेळचं ताट म्हणून कौतुकाने दाखवायला आणलं. बाईंनी ते पालथं केलं, भिंग लावलं आणि विचारलं, तुमच्या आजोबांचं लग्न अकोल्याला झालं होतं का? झालं होतं. "मंग हे त्या लग्नातलं हाये. याच्या 'र'चा पाय मोडका हाये. हा सोनार मले चांगला मायीत हाये." शेठजी ताट गुंडाळून निघून गेले. पेशवे गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

ठसा उतरवून घ्यायची पद्धतही त्यांची स्वतःची. मोबाइलच्या फोटोवर विश्वास नव्हता, फोटोत खोलपणा कळत नाही म्हणत. उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा डब्यातून न्यायचा, तेलाचं बोट लावून ठशावर दाबायचा आणि घरी आणून गच्चीवर वाळवायचा. वाळल्यावर ते तुकडे दगडासारखे टणक होत, पण दिसायला अगदी वड्या. माझी आई एकदा राहायला आली. मी ऑफिसात होते. तिने गच्चीवरून मूठभर 'वड्या' उचलल्या, तेलात परतल्या, आलू घालून झणझणीत रस्सा केला आणि शेजारधर्म म्हणून वाटीभर बाईंनाही नेऊन दिला. बाईंनी चमच्यात एक वडी घेतली, तिला भिंग लावलं आणि शांतपणे म्हणाल्या, "परतवाड्याचा सोनार शिजवला व तुमी." आईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून परतवाड्याला जाऊन नवा ठसा घेऊन आल्या. तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच.

या सगळ्या सोनारांत बाईंचा लाडका मात्र एकच होता, ग. भा. एका लांबोळक्या चौकटीत दोनच अक्षरं, 'ग' आणि 'भा'. अमरावती, दर्यापूर, अचलपूर, अकोला, कुठल्याही जुन्या घरी एखादं फुलपात्र, एखादी वाटी, एखादा तांब्या या ठशाचा निघायचा. घरात चांदी कितीही असो, ग. भा.चं भांडं एखादंच, आणि ते कोरं. बाकीचे सोनार काठाला वेल चढवत, पोपट बसवत, जागा उरली तर कमळ घालत. ग. भा.चं काही नाही, नुसता घाट. बाई ते भांडं तळहातावर ठेवून मला समजावत बसायच्या. "पाय बरं. दाखवाचं म्हून काईच नाई त्याले. एवढा संयम कोणाजवळ असते?"

मीही कधी कधी खोडी काढायची. म्हणायची, बाई, दर्यापूरचा 'ग' आणि अकोल्याचा 'ग' एक दिसत नाही हो. आणि तो पेला जाडजूड, हा तर पत्र्यासारखा पातळ. बाई त्याची बाजू घ्यायला तयारच असत. ठसा झिजला असेल, नवीन केला असेल. आणि पातळ पेला? आजारी असेल तेव्हा, हातात जोर नसेल बिचाऱ्याच्या. त्याचं पूर्ण नाव काय असावं, यावर आमचे कितीतरी चहा झाले. गणपत, गजानन, गणू. पुढे भाऊराव की भालेराव? बाईंनी त्याला अकोल्याच्या जुन्या शहरात घर देऊन टाकलं होतं. तो कमी बोलतो, एकटाच जेवतो, कुणी घाई केली तर काम परत देतो, हे सगळं त्यांना माहीत होतं. कुणी भपका केला की म्हणत, ग. भा.ला हे आवडलं नसतं.

मागच्या वर्षी अकोल्याच्या एका महिला मंडळाने बाईंचं व्याख्यान ठेवलं. विषय त्यांचाच, 'वऱ्हाडचा अज्ञात कारागीर ग. भा.'. बाईंनी कितीतरी वर्षांनी नवीन साडी घेतली. मला समोर बसवून भाषणाची तालीम केली, आणि मी जांभई दिली तर खडूचा तुकडा फेकून मारतील अशा नजरेने पाहिलं. मी म्हटलं, एवढं काय मनाला लावून घेता, बायांचं मंडळ तर आहे. तर त्या एकदम गंभीर झाल्या. "माह्याशिवाय त्याले ओळखणारं कोणी नाई. मी गेलो का तोही गेला. एकदा चार लोकांपुढं त्याचं नाव मांडलं का मी सुटलो." आमच्या वऱ्हाडात बायाही 'मी जातो, मी सुटलो' असंच म्हणतात. बाईंच्या तोंडी ते फार रुबाबदार वाटायचं.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी अकोल्याला माझ्या आईकडे उतरलो. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि आईला म्हणाल्या, आता तरी काढा. आईने हसत हसत दिवाणातली लोखंडी पेटी काढली, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं सामान सोडलं. एक निरांजन, दोन वाट्या, आणि तळाशी एक फुलपात्र. कोरं. बाईंनी ते उचललं आणि न पाहताच मला म्हणाल्या, पोरी, माझा ग. भा. तुझ्या घरी बसला होता आणि तू मला इतकी वर्षं सांगितलं नाहीस. मग पालथं करून भिंग लावलं.

बराच वेळ त्या वाकूनच राहिल्या. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं.

"टिंब हाये," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कशावर?

"'ग'वर. हे 'ग' नाई. 'गं' हाये. गं. भा." आणि मग, जो शब्द त्यांनी आयुष्यभर घराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिला नव्हता, तो त्या स्वतःच्या तोंडाने पूर्ण म्हणाल्या. "गंगा भागीरथी."

आईला यातलं काही समजलं नाही. तिला वाटलं, बाई फुलपात्राबद्दल विचारत आहेत. ती सहज सांगू लागली. "ते आमच्याकडच्या काकूबाईचं. हिच्या बाबाच्या आजोबाची लहान भावजय. नवरा गेला तवा पोरच होती म्हणतात. अंगावरचे वाळे, तोडे, जोडवे उतरवले, सारं आटवलं, अन् त्याचं हे फुलपात्र करून देलं तिले. घरच्या भांड्यात मिसळू नाई म्हून खाली निशाणी. पण तिनं तोंडाले लावलंच नाई. मरेपर्यंत ओंजळीनं पाणी पेली."

म्हणूनच ते टिंब राहिलं होतं. बाकीच्या घरांतली भांडी रोज वापरली गेली, राखेने, चिंचेने, रांगोळीने पिढ्यान् पिढ्या घासली गेली. टिंब केवढंसं, ते सगळ्यात आधी गेलं आणि 'ग' उरला. हे फुलपात्र काकूबाईने वापरलं नाही, म्हणून कुणी घासलं नाही. माझ्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडायला लागली आणि मला बाईंकडे पाहवेना. प्रत्येक गावचा 'ग' वेगळा का, ते कळलं. प्रत्येक घरी एखादंच भांडं का, तेही कळलं. आणि एवढ्या वर्षांत हे दुसऱ्या कुणाला नाही तरी बाईंना दिसायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. त्यांनाच दिसणं शक्य नव्हतं. ज्या पदवीची पाकिटं त्या न फोडता परत करत होत्या, ती त्यांनी भांड्याच्या बुडाशी कशी वाचावी?

मी बाहेर ओट्यावर त्यांना गाठलं आणि म्हटलं, बाई, उद्या हे सांगू नका. दुसऱ्या कुणापाशी टिंबाचं भांडं नाही, कुणाला कळणार नाही. राहू द्या तुमचा ग. भा. मी मनापासून म्हणत होते, आजही मला त्यात काही चूक वाटत नाही. बाई रागावल्या नाहीत. गणिताची बाई आहे मी, म्हणाल्या, उत्तर चुकलं तर खोडावंच लागतं, बाकी गणित कितीही सुंदर सोडवलेलं असो. मग त्यांनी माझा फोन मागितला.

संध्याकाळभर त्या घरोघरी फोन करत होत्या. जिथे जिथे ते दोन अक्षरांचं भांडं पाहिलं होतं त्या प्रत्येक घरी. आजवर विचारायच्या, हे कुणी केलं? आता विचारत होत्या, हे कुणाचं होतं? कुणी म्हणालं, आत्या असतील कोणीतरी. कुणी म्हणालं, म्हातारी होती एक, मागच्या खोलीत राहायची. एका घरी सांगितलं, सगळे मावशी म्हणायचे, नाव कोणाला माहीत? भांडं होतं, भांड्याचं वजन माहीत होतं, ते कुणाच्या वाटणीला गेलं हे माहीत होतं. नाव एका घरीही निघालं नाही. आई स्वयंपाक करता करता ऐकत होती. तिला स्वतःलाही काकूबाईचं नाव सांगता आलं नव्हतं, ते तिच्या जिवाला लागलं. सकाळी उठून तिने मोझरीच्या थकलेल्या आत्याबाईंना फोन लावला. त्यांना कालचं जेवण आठवत नाही, पण जुनं सगळं पाठ आहे. आई धावत बाईंकडे आली. "सुंदरा होतं म्हणतात तिचं नाव. सुंदराच."

हॉल बऱ्यापैकी भरला होता. मागे मोठा फलक, त्यावर 'अज्ञात कारागीर ग. भा.' सोनेरी अक्षरांत. सराफ्यातली दोनचार मंडळी पहिल्या रांगेत बसली होती. बाई फलकाखाली उभ्या राहिल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या की मी ज्याच्याविषयी बोलायला आले तो माणूस कधी नव्हता. सुरुवात पुस्तकी मराठीत केली होती. टिंबाची गोष्ट सांगून होईपर्यंत त्या आपल्या बोलीवर आल्या.

"वेल नाई, फूल नाई, पोपट नाई. मी सांगत होतो, पाहा काय हात हाये या माणसाचा. काय संयम हाये. तो हात नव्हता. तो हुकूम होता. अशा बाईच्या भांड्यावर फूल काढाचं नाई."

पहिल्या रांगेतल्या एका सराफांनी अगदी आदराने विचारलं, मग ही भांडी घडवली कोणी? बाई म्हणाल्या, ज्या त्या गावच्या सोनारानं. त्यांचे ठसे सापडत नाहीत, कारण त्यांनी मारलेच नाहीत. "असल्या कामावर आपलं नाव कोण टाकते? अन् बाईचं नाव टाकाचं कोणाले सुचलं नाई. म्हून ही अक्षरं राहिली. हे कोणाचंच नाव नाई."

मग त्या वळल्या. बाजूला एक पांढरा फळा होता, त्यावर त्यांनी मार्करने लिहिलं, 'सुंदरा'. शाळेत लिहीत तसं, वरची रेघ सरळ ओढून, आणि टिंब ठसठशीत दिलं. एवढंच सापडलं म्हणाल्या, आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. आभार मानणाऱ्या बाई हातातला कागद वाचत होत्या, त्यात 'थोर कारागीर ग. भा. यांना उजेडात आणल्याबद्दल' असं आधीच लिहून ठेवलं होतं. त्या तिथे अडखळल्या आणि रडायला लागल्या. माझी आई दुसऱ्या रांगेत ताठ बसली होती, सासरचं कुणी मोठं पद मिळवून आल्यासारखी.

परतीच्या बसमध्ये मला बाईंचा इतका अभिमान वाटत होता की मी थांबतच नव्हते. म्हटलं, कारागीर सापडणं काय, त्याहून मोठं काम केलं तुम्ही. आता लोक आपापल्या घरातली नावं शोधतील. आजपर्यंत कुणी केलं नव्हतं ते तुम्ही एका दिवसात करून दाखवलं. बाई खिडकीशी बसल्या होत्या. नव्या साडीचा पदर त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"हो, ते चांगलंच झालं," त्या म्हणाल्या. नजर बाहेरच्या तुरीवर होती. "पण मी त्याच्यासंगं रोज बोलत होतो व. शाळेतून थकून आलो का त्याले सांगत होतो. भाजी अळणी झाली त त्याले सांगत होतो. इतके वर्ष घरात होता तो."

मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही.

"माहा माणूस दुसऱ्यांदा गेला व, पोरी."